पुण्याचे हौद

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत पुणे शहरास दोन गोष्टी लाभल्या आणि त्या दोहोंचा आरंभ जवळजवळ एकाच सुमारास झाला. १७४९ च्या सुमारास पर्वतीच्या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले, आणि त्याच काळात कात्रजच्या ओढ्यास बांध घालून तेथले पाणी शहरात आणण्याच्या कामास हात घातला गेला. टेकडीवरचा देव आणि पेठेतले पाणी या दोन्ही गोष्टी राजसत्तेने प्रजेच्या कल्याणाकरिता म्हणून सिद्ध केल्या. परंतु प्रजेतील एका मोठ्या भागास या दोहोंपैकी एकीच्याही जवळ जाण्याची मुभा नव्हती. पुण्याच्या पाणीपुरवठ्याविषयी लिहिताना नळाची रचना, बांधकामाची मजबुती आणि पेशव्यांची दूरदृष्टी यांचे वर्णन आवर्जून केले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र हौदात घागर कोणी बुडवावी आणि कोणी बुडवू नये याचाही एक इतिहास आहे, आणि दुभंगलेला समाज कसा सांधला जातो किंवा का सांधला जात नाही, हे समजून घेण्यास तोच अधिक उपयोगी आहे.

प्रथम त्या रचनेकडे पाहू. कात्रजच्या बांधापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून चुनेगच्ची नळ आणलेला होता. तो पुष्कळ ठिकाणी इतका प्रशस्त होता की आत उतरून माणसास गाळ काढता यावा, आणि जागोजाग हवा खेळण्यासाठी त्यावर उच्छ्वास बांधलेले होते. पंप नाही, यंत्र नाही, केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत यावयाचे आणि वाटेवरच्या हौदांत पडावयाचे. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, फडके हौद ही नावे आज पुष्कळांना केवळ चौकांची किंवा थांब्यांची म्हणून ठाऊक आहेत. पुढे नाना फडणविसांनी नऱ्हे-आंबेगावकडून निराळा नळ आणून सदाशिव पेठेच्या हौदाची तजवीज केली, आणि सरदार रास्ते यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेस पाणी आणविले. हौद म्हणजे जमिनीत उतरलेली दगडी टाकी. एका अंगाने नळाचे पाणी आत पडे, भरून उरलेले दुसऱ्या अंगाने पुढच्या हौदाकडे जाई, आणि काठावर आलेला माणूस आपले भांडे त्या साठ्यात बुडवून भरून घेई. ही शेवटची क्रिया दिसावयास क्षुल्लक. पण सगळा वाद तिच्यातच साठलेला होता. वाहत्या नदीवर एकाचे भांडे दुसऱ्याच्या भांड्यास बाधत नाही, असे शास्त्रार्थ काढणाऱ्यांनाही म्हणता येई. हौदाचे पाणी मात्र साठलेले, सर्वांचे एकच. एकाच्या भांड्याचा स्पर्श तो सर्वांच्या भांड्यांचा स्पर्श. म्हणून जे पाणी सर्वांना एकत्र आणू शकले असते, त्याच पाण्याभोवती विटाळाची शीव सर्वांत कडक आखली गेली.

या शिवेबाहेर ज्यांना ठेवले होते ते महार, मांग, चांभार हे त्या पाण्याच्या व्यवस्थेत अनावश्यक होते असे मुळीच नव्हे. शहराभोवतीच्या मळ्यांत विहिरीचे पाणी मोटेने निघे. ती मोट चामड्याची आणि चांभाराने शिवलेली. तिचा दोर वळणारा हात बहुधा मांगाचा. त्या मोटेच्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला मंडईतून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात बिनदिक्कत जाई. म्हणजे श्रम चालत, कौशल्य चाले, त्या श्रमाने निघालेले पाणी पिकाला चाले; फक्त तो श्रम करणाऱ्याने तहान लागल्यावर आपली घागर बुडविलेली चालत नसे. त्याच्या घरच्या बाईने पाणवठ्यापासून अंतरावर घागर ठेवून उभे राहावे, येणाऱ्याजाणाऱ्याची विनवणी करावी, आणि कोणास दया आली तर वरून धार धरून त्याने ती भरावी, अशी वहिवाट मुलखात गावोगाव होती. या वहिवाटीस सरकारी हुकमाची गरज नव्हती. कोतवालीत लेखी मनाई असती तर तिच्याविरुद्ध फिर्याद तरी करता आली असती. मामुलीविरुद्ध दाद कोणाकडे मागावयाची?

ही दाद प्रथम मागितली ती एका विद्यार्थिनीने, आणि तीही कोणा हाकिमापुढे नव्हे, तर छापील अक्षरांत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. पेशवाई बुडून त्या वेळी सदतीसच वर्षे झाली होती. त्या अंमलाच्या आठवणी सांगणारी माणसे तिच्या घरात व आळीत हिंडती-फिरती होती. तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महारांचे काय होई, गुलटेकडीच्या मैदानावर कोणता क्रूर खेळ चाले, बाळंतिणीला डोक्यावर छप्परही कसे नसे, हे सारे ती लिहिते. आणि ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याचा आम्हांस अधिकार नाही तो धर्म आमचा कसा, असा रोकडा प्रश्न ती करते. इतिहासकाराने त्यातील एकेका तपशिलाची छाननी खुशाल करावी. तथापि त्या निबंधाचे खरे मोल निराळे आहे. ज्यांच्याविषयी तोवर केवळ इतरांनी लिहिले होते त्यांच्यापैकी एक मुलगी पुण्यात स्वतःच्या लेखणीने लिहू लागली, ही घटना कोणत्याही लढाईच्या तारखेइतकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ज्या शाळेत ती शिकली तिच्या पाठीशी एकाच जातीची माणसे नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. फुल्यांच्या कार्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण मित्र होते. बुधवार पेठेतील मुलींच्या शाळेस अण्णासाहेब चिपळूणकरांनी आपल्या वाड्यात जागा दिली. आणि वडिलांनी घराबाहेर काढल्यावर या दांपत्यास आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. ज्या लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीरावांनी दांडपट्टा गिरविला ते मांग समाजातील. विभागलेल्या शहरातही विभागणी ओलांडणारी माणसे असतातच. त्यांची संख्या थोडी असते आणि त्यांना किंमत मोजावी लागते, इतकेच. १८५२ साली विश्रामबागवाड्यात, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या वाड्यातच, मेजर कँडी यांच्या हस्ते शाल देऊन फुल्यांचा सरकारी सत्कार झाला. परंतु सत्काराच्या शालीने शेजाऱ्याचे मन पालटत नाही, हे त्या सोळा वर्षांत त्यांना पुरते उमगले असावे. कारण १८६८ साली त्यांनी जे केले ते सरकारच्या मदतीवाचून आणि कोणाच्याही परवानगीवाचून केले. गंज पेठेतील आपल्या घराचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला.

या कृतीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. तो हौद सरकारी नव्हता, म्युनिसिपालिटीचा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता. म्हणून त्यास कायद्याची आडकाठी नव्हती, आणि म्हणूनच कायद्याचे संरक्षणही नव्हते. ज्या पाण्यात आळीतल्या महाराची आणि मांगाची घागर बुडाली तेच पाणी जोतीराव आणि सावित्रीबाई पीत होते. तेव्हा हौद उघडणे म्हणजे आपल्या जातीतून, सोयऱ्याधायऱ्यांतून, पंक्तीतून आपण होऊन बाहेर पडणे होते. निराळी टाकी बांधून ती अस्पृश्यांस दान करणे त्यांना सहज शक्य होते, आणि त्यात पुण्यही पदरी पडले असते. त्यांनी दान केले नाही; वाटा दिला. याच माणसाने पुढे १८७० नंतरच्या दशकात सरकारी कंत्राटदार या नात्याने खडकवासल्याच्या धरणास बांधकामाचे साहित्य पुरविले, आणि त्याच दशकात पुणे म्युनिसिपालिटीचा सभासद म्हणून शहराच्या कारभारात भाग घेतला. पाणी कोठून येते आणि कोणाच्या दारात थांबते या दोन्ही प्रश्नांचा अनुभव असलेला असा दुसरा पुणेकर त्या काळी दाखविणे कठीण आहे.

१८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ फुल्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, नीग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. गंज पेठेतल्या एका माळ्याने सातासमुद्रापलीकडच्या वर्णद्वेषाशी आपल्या गावच्या जातिद्वेषाचे नाते ओळखले, ते विद्यापीठांतील पंडितांस तसली तुलना सुचण्याच्या कितीतरी आधी. मात्र त्या अर्पणपत्रिकेतील आशा पुढे अमेरिकेतच फोल ठरू लागली. गुलामगिरी गेली, पण १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरले, आणि गोऱ्यांसाठी एक व काळ्यांसाठी दुसरी अशा शाळा, आगगाडीचे डबे आणि पाण्याच्या तोट्या यांस न्यायाची मोहोर मिळाली. ती मोहोर शाळांपुरती पुसण्यास १९५४ साल उजाडावे लागले. हे तत्त्व लक्षात ठेवावे. पुण्याच्या कथेत ते पुन्हा भेटणार आहे.

तत्पूर्वी एका चहाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली, आणि व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली. कोणी चहा प्याला, कोणी नुसता पेला हाती घेतला, कोणी मान राखण्यापुरता ओठास लावला. हा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून चव्हाट्यावर आणली, आणि शहरात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, जे एरवी बहुतेक प्रश्नांत परस्परांच्या विरुद्ध बाजूस उभे राहावयाचे, ते या एका पेल्यापायी एकाच यादीत आले. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, बहिष्काराची भीती घरोघर पोचली. लग्नाला भटजी मिळेनात, श्राद्धाला ब्राह्मण येईनात, माहेरवाशिणीला माहेरी पंक्तीस बसता येईना, असले प्रसंग बहिष्कारात गुदरत, आणि त्यांचा खरा जाच पुरुषांपेक्षा घरातील बायकांस होई. अखेरीस १८९२ पर्यंत रानड्यांसह अनेकांनी प्रायश्चित्त घेतले; सुधारकांनी त्याबद्दल रानड्यांवर कठोर टीका केली, आणि टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. या प्रकरणावर पुष्कळ विनोद झाला आहे; पण त्यातील एक गोष्ट विनोदाची नाही. हा सारा कल्लोळ ख्रिस्ती मिशनऱ्याच्या हातच्या चहासाठी होता. त्याच शहरातील महार-मांगांच्या हातचे पाणी तर त्या वादाच्या कक्षेतही आले नाही. शिकलेल्या, पदवी धारण केलेल्या, पुढे हायकोर्टात किंवा देशाच्या राजकारणात अधिकार गाजविणाऱ्या माणसांना जे एका पेल्यापुरते झेपले नाही, ते एका कंत्राटदाराने बावीस वर्षांपूर्वी आपल्या अंगणात करून दाखविले होते.

विसाव्या शतकात हा प्रश्न अंगणातून सभागृहात आणि सभागृहातून रस्त्यावर आला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. त्याच काळात विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे काम पुण्यात रुजले, आणि होळकरांच्या देणगीतून नाना पेठेत अहिल्याश्रमाची वास्तू उभी राहिली. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत होऊन सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या ठरल्या. ठराव झाला म्हणजे घागर बुडाली असे नव्हे, हे महाडास १९२७ च्या मार्च महिन्यात दिसून आले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले आणि पाठोपाठ सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, दावा गुदरला. तळे खासगी मालकीचे आहे आणि मज्जावाची वहिवाट अनादी आहे, असा सवर्णांचा पक्ष होता. ती अनादी वहिवाट शाबीत झाली नाही असा निकाल मुंबई हायकोर्टाने १९३७ मध्ये दिला, तोवर ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे गेली होती. दरम्यान १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृती अस्पृश्य पुढारी आणि त्यांच्यासोबत काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांसारखे सवर्ण तरुण पायऱ्या चढू लागले, तेव्हा वरून दगडांचा वर्षाव झाला आणि राजभोज जखमी झाले. सत्याग्रह महिन्यांमागून महिने चालला आणि दार न उघडताच थांबला. मंदिराचा मार्ग मोकळा झाला तो स्वातंत्र्याच्या वर्षीच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने. मंदिर आणि नळ एकाच पेशव्याने बांधले. त्यांच्यावरची बंदी उठविण्यास मात्र कौन्सिल, हायकोर्ट आणि दोन पिढ्यांची डोकी खर्ची पडली.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. त्या कराराच्या राजकीय गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. आपल्या विषयाशी संबंध येतो तो त्यानंतरच्या एका परोपकाराचा. देशभर हरिजन सेवेची लाट आली, आणि सेवकांनी ठिकठिकाणी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र विहिरी खोदून दिल्या. पुढे सरकारी योजनांनीही पुष्कळदा तीच वाट धरली. त्यामागील हेतू शुद्ध होता, तहानही भागली. परंतु गावची विहीर जेथल्या तेथे, आपल्या जुन्या मालकांसह, अबाधित राहिली. अमेरिकेत ज्याचा निर्णय न्यायालयाने दिला तेच येथे दयेने घडवून आणले. किंबहुना स्वतंत्र विहीर ही जुन्या मज्जावापेक्षा अधिक टिकाऊ ठरली. मज्जावाची निदान लाज वाटण्याची शक्यता असते. स्वतंत्र विहिरीचे मात्र उद्‌घाटन होते, तिच्यावर दात्याचे नाव कोरले जाते, आणि गाव निश्चिंत होतो.

शहरात हा प्रश्न काहीसा बोथट झाला तो यंत्रामुळे. खडकवासल्याचे पाणी नळातून पेठापेठांत खेळू लागले आणि हौदांचे महत्त्व ओसरले. तोटीतून पडणाऱ्या धारेस साठा नाही, म्हणून भांडे बुडविण्याचा प्रसंगही नाही. सोवळे पाळणारी माणसे आरंभी तोटीतल्या चामड्याच्या चकतीमुळे नळाचे पाणी नाकारीत. कालांतराने सोय जिंकली आणि सोवळे हरले. यावरून यंत्राने जात मोडली असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो मान्य नाही. नळाने विटाळाचा प्रसंग टाळला, विटाळाची समजूत काढून टाकली नाही. एका हौदावर शेजारी उभे राहण्याची सक्तीच संपल्याने ती समजूत तपासण्याची गरजही संपली.

तपासण्याचे हे काम पुन्हा पुण्याच्याच एका माणसाने हाती घेतले. बाबा आढाव हे व्यवसायाने डॉक्टर; नाना पेठ-भवानी पेठेच्या व्यापारी वस्तीत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांची संघटना त्यांनी बांधली, आणि १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ घेऊन ते महाराष्ट्रभर हिंडले. राज्यघटना अमलात येऊन बावीस वर्षे झाली होती; तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख होता; १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदाही होता; आणि तरीही गावोगाव पाणवठे दोन होते. या घोषणेतील मर्म असे की तिने दलितांसाठी पाणी मागितले नाही. पाणी मागितले असते तर सरकारने आणखी एक विहीर मंजूर केली असती. तिने एकच पाणवठा मागितला, आणि ही मागणी पुरी करणे सरकारच्या तिजोरीस शक्य नव्हते, ते फक्त गावास शक्य होते. संघटनेतही तोच धागा होता. हमालांमध्ये जाती अनेक, पण पाठीवरचे पोते आणि दराचा तंटा एक. १९७४ पासून त्यांच्याच ‘कष्टाची भाकर’ केंद्रात स्वस्तातील भाकरी एका बाकावर बसून खाल्ली जाऊ लागली. पुढे भुसार बाजार पेठांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मुक्ता साळव्यांनी ज्या मैदानाचे नाव आपल्या निबंधात भीतीने नोंदविले, तेथे आज नाना जातींचे हमाल एकाच संघटनेच्या नावाने हक्क मागतात, हा बदल लहान मानता येणार नाही.

सव्वादोनशे वर्षांच्या या हकिकतीतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. उपदेशाने पाणवठा एक झाला नाही. केवळ ठरावानेही झाला नाही. कायदा आवश्यक होता, कारण सार्वजनिक हौदावर एकट्या माणसाच्या सद्भावनेचे काही चालत नाही. सत्याग्रह आवश्यक होता, कारण कागदावरचा हक्क बजावल्यावाचून हक्क होत नाही. परंतु या दोहोंच्या आधी आणि या दोहोंच्या नंतरही एक क्षेत्र उरते, जेथे कायदा पोचत नाही आणि मोर्चा शिरत नाही. ते क्षेत्र म्हणजे आपल्या स्वतःच्या ताब्यातील हौद. आज पुण्याच्या सुशिक्षित घरांत मोलकरणीचा कप निराळा ठेवलेला असतो, काही इमारतींत तिच्यासाठी उद्वाहनही निराळे असते, आणि घर भाड्याने देताना आडनाव विचारून मग जागा ‘आधीच गेलेली’ असते. यांपैकी कोणतीही गोष्ट करणारा माणूस स्वतःस जातीयवादी समजत नाही. तो फक्त वेगळी व्यवस्था करीत असतो. अशा गृहस्थाने गंज पेठेत, जिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात, तेथल्या फुले वाड्यात एकदा जाऊन यावे. तेथे नमस्कार करून परतणे पुरेसे नाही. घरी आल्यावर तो निराळा कप इतर कपांत मिसळून टाकावा. १८६८ साली त्याकरिता जात सोडावी लागत होती, आज काहीच सोडावे लागत नाही.